तव्यावरची झोळी

बोलणं एकदा गेलं की परत येतं का, या एकाच प्रश्नावर प्रेरणाची आदली अख्खी रात्र गेली होती.

शेजारी दुर्गेश्वरी हातपाय पसरून, निम्मी गादी अडवून, गाढ झोपलेली. चार वर्षांची पोर आणि तोंडात एक शब्द नाही. तसे पूर्वी होते. ‘आई’ होता, ‘पापा’ होता, दुधाला ‘दुदू’ होता. मागच्या थंडीत ते एकेक करून निघून गेले, न सांगता उठून जाणाऱ्या पाहुण्यांसारखे. शेवटचा कधी गेला तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. कान तपासून झाले, ते चांगले निघाले. गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, थांबा. नागपूरच्या मॅडम म्हणाल्या, थांबू नका. नवरा इंद्रकुमार म्हणाला, ‘‘बोलेल ना. मी पण उशिराच बोललो.’’ सासूबाई, म्हणजे सुशिलाबाई, काहीच म्हणाल्या नाहीत, आणि हे सगळ्यात वाईट होतं.

प्रेरणा वनस्पतिशास्त्रातली एम.एस्सी. झाडाचं पान पिवळं का पडलं याची कारणं तिनं झोपेतसुद्धा सांगितली असती. पोरीच्या बाबतीत मात्र तिला कारण एकच सापडे, ते म्हणजे आपण. जेवताना मोबाईल दाखवला म्हणून. घरात आपण मराठी बोलतो, सासूबाई पोवारी आणि राहतो त्या मुर्रीतला शेजार हिंदी, म्हणून. सासऱ्यांना एवढं लांबलचक नाव ठेवू दिलं म्हणून. पोरीला स्वतःचं नाव उच्चारायचंच दडपण आलं असेल. हे शेवटचं कारण पहाटे सुचलेलं. ते खोटं आहे हे तिलाही कळत होतं, पण तिनं ते टाकून दिलं नाही. न जाणो.

तर अशा जागलेल्या, चुरचुरणाऱ्या डोळ्यांनी ती दुसऱ्या दिवशी केशोरीला नणंदेकडं जेवायला आली होती.

नणंद डिंपल, इंद्रकुमारची धाकटी बहीण. लग्न होऊन केशोरीला आली आणि दोन उन्हाळ्यांत अशी काही तिथली झाली की माहेरची माणसं तिच्या बोलण्याला हसत. जेवणं उरकली. डिंपलचा नवरा आणि इंद्रकुमार कूलरसमोर आडवे झाले. ऊन जरा कललं तशी डिंपल पदर खोचून उभी राहिली.

‘‘चाल वैनी, पॉइंटवर जाऊन येऊ.’’

‘‘कसला पॉइंट? टेकडीच ना ती?’’

‘‘टेकडीच. पण वरून तलाव असा दिसते का बस. वनखात्यानं कठडा बांधून देल्ला, बाक टाकला. अर्ध्या घंट्याचा रस्ता नाही.’’

‘‘या उन्हात? आणि अस्वल बिस्वल असतं म्हणतात.’’

‘‘अस्वल पहाटे येते. आता ते पण कूलरसमोर झोपलं असंल आपल्या दादासारखं.’’ मग डिंपलनं आवाज खाली आणला आणि दारात बसून चपलेशी खेळणाऱ्या दुर्गेश्वरीकडं पाहिलं. ‘‘आयक ना. आमच्याकडची लेकरं तिथं गेली का ओरडतातच. एवढं मोकळं पाहिलं का त्यायच्या तोंडून निघतेच काहीतरी. दुर्गीच्या बी निघंल एखादा शब्द.’’

एवढं म्हटल्यावर प्रेरणा उठली नसती तरच नवल. तिनं पिशवी भरली. पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी, बिस्किटं, मीठसाखरेची पुडी, पट्टी, शिट्टी.

‘‘हिमालयात चाललो का वैनी?’’ डिंपल म्हणाली.

‘‘शिट्टी अस्वलासाठी आहे.’’

‘‘हौ. ते ट्रॅफिक पोलीस समजून थांबंल.’’

गाव संपलं तशी शेतं लागली. धान कापून गेलेलं, बांधावर बांध, मध्ये फुटलेली करडी जमीन आणि तिच्यात खुंटांच्या ओळी. दुर्गेश्वरी बांधावरून दोन्ही हात पसरून चालली होती, तोल सावरत, मजेत. तिला मजा करताना पाहिलं की प्रेरणाला नेहमी थोडं अपराधी वाटे. पोर सुखात होती. शब्द नसल्याचं दुःख पोरीला नव्हतंच, ते सगळं आईनं वाटून घेतलं होतं.

मग चढ लागला. मुरमाचा, तांबडा, पायाखाली सरकणारा. वाटेच्या कडेनं कुणीतरी दगडांना चुना लावून ठेवलेला, वाट चुकू नये म्हणून. चढ संपला आणि समोर पसरलं ते पठार. गावात त्याला तवा म्हणत. नाव ठेवणाऱ्यानं फार विचार केला नसावा. काळ्या-तांबड्या दगडाचा एक अखंड थर, त्यावर झुडूप नाही, गवताची काडी नाही. सावली म्हणाल तर आपलीच. दिवसभर तापलेल्या दगडाची धग चपलेतून वर येत होती. तळ्यांचा म्हणून ज्या जिल्ह्याचा सगळीकडं बोलबाला, त्याच्या पोटात हे एवढंसं वाळवंट कुणी आणून ठेवलं, असं प्रेरणाच्या मनात आलं. वारा नव्हता. पाखरू नव्हतं. तिघींच्या चपलांचा आवाज तेवढा होता, आणि तोसुद्धा जरा मोठाच वाटत होता.

तव्याच्या मध्यावर एकच झाड होतं. मोहाचं. दगडाच्या भेगेत माती साचली असेल तेवढ्यावर वाढलेलं, जुनं, बुटकं, आडव्या फांद्यांचं. नुकती फुटलेली तांबूस पालवी उन्हात चकाकत होती. पालवी काय सुंदर आहे, एवढंच प्रेरणाच्या मनात आलं. मोहाला पालवी केव्हा फुटते आणि फुलं केव्हा गळतात हे तिनं एके काळी परीक्षेत लिहिलं होतं, पूर्ण गुण मिळाले होते. त्या वेळी ते आठवलं नाही, एवढं खरं.

झाडाच्या आडव्या फांदीला झोळी टांगलेली होती.

जुन्या लुगड्याची, विटक्या हिरव्या रंगाची. दोन्ही टोकं दोरानं फांदीला आवळलेली आणि मधला भाग खाली ओथंबलेला, आत वजन असल्यासारखा. कापडाच्या कडा एकमेकींवर येऊन मिटलेल्या. हवेत मोहाचा वास होता, तो गोड, आंबूस, घशाशी येणारा.

‘‘इथं लेकरू ठेवलंय कुणी?’’ प्रेरणा थबकली. ‘‘एकटं?’’

‘‘मोह वेचणाऱ्या बाया ठेवतात ना.’’ डिंपल फोनवर आलेलं काहीतरी बघत चालली होती. ‘‘लेकरू पाठीवर घेऊन कसं वेचंल? टांगते अन् जाते. येणारा-जाणारा झोका देते.’’

तेवढ्यात आवाज आला. लांबून, उजवीकडून, बाईचा. तरुण असावी. मान खाली घालून, कामात वाकून बोलणाऱ्या माणसाचा असतो तसा, थोडा दबलेला.

‘‘निजलं का वं...?’’

‘‘निजलं, निजलं,’’ डिंपलनं फोनवरून नजर न काढता उत्तर दिलं, घरातून घरात द्यावं तसं. मग प्रेरणाचा चेहरा बघून म्हणाली, ‘‘सांगा लागते वैनी. ती तिकडं वाकून असते, तिचा जीव इकडं. तिनं विचारलं अन् आपण तसंच निघून गेलो, असं कोणी करत नाही इकडं.’’

प्रेरणाला ते फार आवडलं. तिच्या मोबाईलवर आयांचे तीन गट होते, रात्री-बेरात्री प्रश्न टाकले तरी सकाळी चाळीस उत्तरं यायची आणि एकानंही पोटातली कळ थांबायची नाही. इथं एक बाई उन्हात वाकल्यावाकल्या विचारते आणि ओळख ना पाळख, कुणीतरी सांगतं. निजलं. बस. एवढंच तर हवं असतं.

दुर्गेश्वरी झोळीपाशी गेली होती. तिनं हात लावला आणि हलकेच ढकललं. दोर फांदीवर करकरला. झोळी गेली, आली. गेली, आली. वजनदार, सावकाश.

प्रेरणाला आत बघायचं होतं. एवढ्या उन्हात लेकराला श्वास घेता येतो की नाही, तोंडावर कापड आलंय की काय, हे सगळं तिच्या डोक्यात एकदमच आलं. तिनं पाऊल उचललंसुद्धा.

‘‘उठवशीन ना त्याले,’’ डिंपल पुढून म्हणाली. ‘‘मंग बसजो तूच हालवत. चाल.’’

तिघी निघाल्या. मागं बराच वेळ करकर ऐकू येत होती. लहानशा हातानं दिलेला झोका इतका वेळ टिकतो, याचं प्रेरणाला नवल वाटलं. पण नवल वाटणं हा तिचा स्वभावच होता, त्यामुळं तिनं त्याकडं लक्ष दिलं नाही.

पॉइंट म्हणजे तव्याची टोकाची कड. सिमेंटचा बाक, लोखंडी कठडा, कठड्यावर कुणाकुणाची नावं खरवडलेली. पण समोर जे होतं त्यानं प्रेरणासुद्धा क्षणभर काळजी विसरली. खाली तलाव होता, उन्हाळ्यानं आत ओढून घेतलेला, कडेला भेगाळलेल्या गाळाची रुंद पट्टी आणि मध्ये पाणी, मावळतीच्या उन्हात पितळेसारखं. पलीकडं जंगलाच्या रांगा, एकीमागं एक, फिकट होत गेलेल्या.

‘‘बघ दुर्गू,’’ प्रेरणानं तिला बाकावर उभं केलं. ‘‘काय आहे ते? पाणी. म्हण बघू. पा... णी.’’

दुर्गेश्वरीनं तिच्या ओठांकडं पाहिलं. स्वतःचे ओठ हलवले नाहीत.

‘‘पा... णी. ओरड, जोरात ओरड, इथं कुणी रागवत नाही.’’ प्रेरणानं स्वतः ओरडून दाखवलं. डिंपलही ओरडली, तिनं नवऱ्याच्या नावानं एक शिवी हाणली आणि स्वतःच हसली. दोघींचे आवाज तलावावरून गेले आणि तिकडंच राहिले.

पोर पाण्याकडं बघतच नव्हती. बाकावर उभी राहून ती उलटी वळली होती आणि आपण आलो त्या वाटेकडं बघत होती.

प्रेरणा गुडघ्यांवर बसली. आता जे तिनं केलं त्याची तिला पुढं फार लाज वाटली, पण त्या वेळी वाटली नाही. तिनं दोन्ही हातांत पोरीचं तोंड धरलं आणि पुटपुटली, ‘‘एक शब्द. एकच बोल माझ्याशी. कुठलाही. मी पुन्हा कधी काही मागणार नाही.’’ कुणाला म्हणाली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पोरीला म्हणाली, देवाला म्हणाली, की नुसतं त्या तापल्या दगडाला.

‘‘निजलं का वं...?’’

आवाज पुन्हा आला. या वेळी लांबून नाही, उजवीकडूनही नाही. मागच्या बाजूनं, तव्यावरून.

प्रेरणा वळली. कठड्यापासून अख्खा तवा दिसत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हातावरच्या भाकरीसारखा उघडा. लपायला दगड नव्हता की आडोसा नव्हता. मधोमध ते एक झाड, झाडाची लांब झालेली सावली. माणूस कुठंच नव्हतं.

‘‘कुठून बोलते ती?’’ प्रेरणानं विचारलं.

डिंपलनं या वेळी उत्तर दिलं नव्हतं. तिनं फोन पिशवीत टाकला होता.

‘‘चाल आता,’’ ती म्हणाली. ‘‘अंधार पडंल.’’

‘‘डिंपल, मी विचारतेय, ती बाई...’’

‘‘आयकलं मी. चाल.’’

तिघी आल्या वाटेनं तव्यावरून परत निघाल्या. सूर्य गेला होता पण दगड अजून तापलेलाच होता, खालून धग आणि वरून थंडावत आलेली हवा, ताप उतरताना अंगाचं होतं तसं. मोहाचा वास दाट झाला होता. झाड जवळ येत गेलं तशी ती करकर ऐकू यायला लागली.

झोळी अजून हलत होती. तितकीच. गेली, आली. गेली, आली. वारा नव्हता.

डिंपल झाडापासून लांब थांबली. तिनं प्रेरणाचा दंड धरला आणि अगदी हळू, जवळजवळ नुसत्या श्वासानं बोलली.

‘‘वैनी... खाली पाहा.’’

‘‘काय?’’

‘‘पाला. मोह वेचायचा म्हणजे झाडाखालचा पाला पयले जाळतात. काळी भुई करतात, मंग फूल दिसते. इथं कोणी जाळला नाही.’’ ती थांबली. ‘‘अन् जाळंल बी कायले... पालवी फुटली, मोह तर कवाचा संपला.’’

झाडाखाली वाळक्या पानांचा जाड, सलग थर होता. दुर्गेश्वरी येताना त्यातून गेली होती तेवढी तिच्या पावलांची वाट मोडलेली. बाकी एक पान तुटलेलं नव्हतं. झोळी टांगायला जे कुणी आलं असेल ते त्यावरून चाललेलं नव्हतं.

‘‘मग तू मघाशी उत्तर का दिलंस?’’

‘‘सवय आहे ना वैनी. विचारलं का सांगतोच आपण. ध्यानातच नाही आलं...’’

आता कुणीही शहाण्या माणसानं पोरीला उचललं असतं आणि चुन्याचे दगड बघत सरळ खाली पळ काढला असता. प्रेरणाही तेच करणार होती. पण झोळी समोर हलत होती, जड, ओथंबलेली, आणि आत खरंच लेकरू असलं तर? कुणी टाकून गेलेलं? या अंधारात, अस्वलाच्या वाटेवर? सगळ्या भीती एकीकडं आणि ही एक एकीकडं. तिनं पोरीला डिंपलकडं दिलं आणि ती पानांवरून पुढं गेली. प्रत्येक पाऊल चुरचुरलं.

तिनं झोळी धरली. ती थांबली. मग मिटलेल्या कडा तिनं दोन बोटांनी बाजूला केल्या.

आत काही नव्हतं.

नुसतं कापड. पण कापडात खळगा होता, डोक्याचा वेगळा, पाठीचा वेगळा, लेकरू उचलल्यावर गादीत राहतो तसा. प्रेरणानं त्यात तळहात टेकवला. उबदार होता. दगडाच्या धगीसारखा नव्हे. चार वर्षं पहाटे उठून ती पोरीचं पांघरूण चाचपत आली होती, त्या उबेत आणि दुसऱ्या कुठल्याही उबेत तिची चूक झाली नसती.

‘‘निजलं का वं...?’’

झाडाच्या पलीकडून. बुंध्याच्या अगदी मागून, इतक्या जवळून की आवाजातला दमसुद्धा ऐकू आला. दिवसभर वाकून पाठ मोडलेल्या बाईचा दम. विचारण्यात राग नव्हता, घाई नव्हती. फक्त ती वाट बघत होती. उत्तर येईपर्यंत ती बघतच राहिली असती, हे प्रेरणाला कळलं. कसं, ते विचारू नका. जिला रात्ररात्र कुणाकडून तरी एक शब्द हवा असतो तिला असला आवाज ओळखायला शिकावं लागत नाही.

प्रेरणाच्या हातात ते रिकामं, उबदार कापड होतं. आत कुणी नाही, असं त्या बाईला सांगायचं? तिच्या तोंडातून ते निघेना. मागून तिच्या कुडत्याला ओढ बसली. दुर्गेश्वरी डिंपलच्या कडेवरून कधी उतरली आणि पानांतून कधी आली, आवाजच आला नव्हता. ती वर बघत होती आणि मान हलवत होती. नाही. नाही.

‘‘हो,’’ प्रेरणा म्हणाली. तिचाच आवाज तिला अनोळखी वाटला. ‘‘हो बाई. झोपलंय.’’

मग बुंध्यामागून एक लांब सुस्कारा आला, डोक्यावरचं ओझं उतरवल्यावर सुटतो तसा.

‘‘बरं वं... निजू दे.’’

आणि त्या सुस्काऱ्याबरोबर मोहाच्या वासाचा असा लोट आला की प्रेरणाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं कडा मिटल्या, पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि चालायला लागली. पळाली नाही. पळालो तर खोटं उघडं पडेल, असं काहीतरी तिला वाटत होतं. डिंपल तिच्या पुढं होती, चुन्याचे दगड दाखवत, तोंडातल्या तोंडात कुठल्याशा देवाचं नाव घेत. मागं झोळीला कुणीतरी झोका दिला होता. करकर पुन्हा चालू झाली. मुरमाचा चढ उतरेपर्यंत ती ऐकू येत राहिली.

बांध लागले. केशोरीतले दिवे दिसायला लागले, कुठंतरी मोटरसायकल गेली, कुत्रं भुंकलं. असल्या आवाजांनी माणसाला किती धीर येतो. प्रेरणानं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

‘‘वैनी,’’ डिंपल पुढं बघतच म्हणाली, ‘‘काय होतं आत?’’

‘‘काही नव्हतं.’’

‘‘मंग तू ‘झोपलंय’ काऊन म्हणाली?’’

‘‘काय म्हणायला हवं होतं मग?’’

डिंपलनं पुढचा बांध ओलांडला. ‘‘मी बी तेच म्हटलं असतं,’’ ती शेवटी म्हणाली. मग जरा वेळानं, थोडी माणसात येऊन, ‘‘दादाले नको सांगजो. ते म्हणंल, दोघी उन्हानं येड्या झाल्या.’’

प्रेरणाला हसू आलं. खरंच आलं. आणि त्याच वेळी तिच्या कानाला उबदार श्वास लागला.

‘‘आई.’’

ती जागच्या जागी थांबली. बांधावर, एक पाय पुढं, एक मागं.

‘‘डिंपल.’’

‘‘आयकलं,’’ डिंपल म्हणाली. ती वळून जवळ आली होती. ‘‘आयकलं वैनी मी. म्हणाली ती.’’

प्रेरणानं पोरीला खाली उतरवलं आणि तिच्यासमोर बांधावर बसकण मारली. अंधुक उजेडात पोरीचा चेहरा शांत होता, रोजच्यासारखा. ‘‘काय म्हणालीस? परत म्हण. माझं सोनं, परत एकदा.’’

‘‘आई,’’ दुर्गेश्वरी म्हणाली. स्पष्ट. मागच्या थंडीत जो शब्द निघून गेला होता तोच, तसाच, जणू शेजारच्या खोलीत जाऊन आला.

प्रेरणा रडायला लागली. रडता रडता हसायला लागली. डिंपलनं पिशवीतून फोन काढला होता आणि ती त्यात बोलत होती, ‘‘दादा, ऊठ. ऊठ ना लवकर. दुर्गी बोलली. हौ, आत्ता. दोनदा बोलली.’’ पलीकडून इंद्रकुमारचा झोपाळू आवाज काहीतरी विचारत होता आणि डिंपल नुसती ‘‘हौ, हौ’’ करत नाक पुसत होती. सगळी रात्र, सगळी थंडी, नागपूरच्या मॅडम, सासूबाईंचं न बोलणं, सगळं प्रेरणाच्या अंगावरून घसरून त्या भेगाळलेल्या शेतात जाऊन पडलं. तिनं पोरीचे दोन्ही हात धरले.

‘‘अजून काय? अजून बोल ना. काय सांगायचंय माझ्या राणीला? काहीपण बोल, मी ऐकतेय.’’

मागं, टेकडीवर, इतका वेळ अगदी बारीक येत असलेली ती करकर थांबली. येत होती हे थांबल्यावरच कळलं.

दुर्गेश्वरीनं आईच्या खांद्यावरून तव्याकडं पाहिलं. मग ती पुढं वाकली आणि मोठ्या माणसानं समजावून सांगावं तशी, हळूच म्हणाली,

‘‘तिले खोटं काऊन सांगतलं, आई? तिनं झोळी पाहिली ना आता.’’